लाल पाचर

"नारळ दोन्ही हातांनी घ्या ना काका," सूत्रसंचालन करणारी बाई माइकवरूनच म्हणाली, आणि गंगापूर रोडवरच्या त्या थंडगार सभागृहात थोडा हशा पिकला.

हिरामणने डावा हात पुढे केला होता. उजवा त्याने बाहीत ओढून घेतला होता. त्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटलेली होती आणि अंगठा तळव्याकडे वळलेला होता. बाईंना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्यांच्या हातातल्या कागदावर 'आमचे सहकारी श्री. हिरामण भोये' एवढंच होतं. कंपनीचे मालक शरच्चंद्र साहेब मात्र सगळं जाणून होते. त्यांनी बाईंकडे बघून न बघितल्यासारखं केलं, नारळ हिरामणच्या डाव्या हातात कोंबला आणि तो घसरू नये म्हणून स्वतःच खालून हात लावला. फोटोत ते छान दिसलं असणार.

हिरामणला दोन शब्द बोलायला मिळणार होते. अंबडच्या कंपनीतून गौरांग साहेबांनी फोन करून तसं कबूल केलं होतं, म्हणून तर तो कळवणहून पहिल्या गाडीने आला होता. आठवडाभर त्याने बायकोपुढे, भागीबाईपुढे, ते दोन शब्द म्हणून बघितले होते. पण बाईंनी पुढचं नाव पुकारलंसुद्धा. माइक काही त्याच्याकडे येईना. तेव्हा तो साहेबांच्या कानाशी वाकला.

"साहेब, पाचरी परत घ्या. आता वाळू चौधरीचा हात जाईल."

"हो हो, बघू आपण," साहेब हसत म्हणाले. "इकडे बघा, इकडे. फोटो."

हिरामण स्टेजवरून उतरला तेव्हा त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पाचरी म्हणजे काय, हे त्या सभागृहातल्या निदान निम्म्या लोकांना माहीत होतं. आणि तरी ते सगळे पाय पसरून बसले होते.

वारा काही ठरलेल्या वेळी ठरलेल्या धारेने येत नाही. कधी झुळूक, कधी झोड. पवनचक्कीतून निघणारी वीजही मग तशीच लहरी असते. तिला वळण लावून तारेत सोडायचं काम करतो तो कन्व्हर्टर, म्हणजे मनोऱ्याच्या आत, पायथ्याशी उभं असलेलं माणसापेक्षा उंच लोखंडी कपाट. कंपनीने बनवलेल्या कपाटाचं नाव होतं 'अखंड'. त्यात एकाखाली एक खण होते. एखादा खण जळाला तरी बाकीचे त्याचा भार उचलत, वर पवनचक्कीचा पंखा फिरत राही आणि दारावर नुसता पिवळा दिवा लागे. ही करामत खरी होती. हिरामणलाही तिचं कौतुक होतं. कळवणच्या आयटीआयमधून वायरमन होऊन तो पवनचक्क्यांच्या या पठारावर कामाला लागला, तेव्हा गावच्या लोकांना तो अभिमानाने सांगायचा की आमच्या मशिनीचा एक पाय मोडला तरी ती पळते.

जळालेला खण बदलायचा तर पंखा थांबवायचा, आत साठलेली वीज निवेपर्यंत वाट बघायची आणि मग दार उघडायचं. कोणी घाई केलीच, तर दार उघडताक्षणी पंखा आपोआप बंद व्हावा म्हणून चौकटीत एक स्विचही होता. इतका सगळा विचार केला होता. फक्त कंपनीने गिऱ्हाइकाला शब्द दिला होता की हे यंत्र एकदाही थांबणार नाही, आणि त्या शब्दापुढे सगळ्या विचारावर पाणी पडलं.

एके दिवशी अंबडहून सामानाबरोबर लाकडाच्या पाचरी आल्या. सागवानी, हातभर नव्हे, बोटाएवढ्या. गवतात पडल्या तर सापडाव्यात म्हणून लाल रंग दिलेल्या आणि किल्लीच्या जुडग्यात अडकवायला भोक पाडलेल्या. स्विचच्या खाचेत पाचर बसवली की दार सताड उघडं असलं तरी स्विचला ते बंदच वाटे. मग चालू यंत्रात हात घालून खण ओढायचा आणि चालू यंत्रातच नवा सरकवायचा. हिरामणने पहिल्यांदा फोनवर विचारलं होतं, "वारा पडल्याव केलं तर नाय चालणार का?" तिकडून सुपरवायझर म्हणाला होता, "आषाढात वारा पडायची वाट बघणार तू? पगार कोण देणार मग तुला, वारा?"

गेल्या आषाढात नवा खण सरकवताना आत ठिणगी उठली. ठिणगी कसली, जाळच. हिरामणला एक पांढरा उजेड आठवतो आणि आपल्याच कातडीचा वास. त्याचा जोडीदार वाळू चौधरी बाहेर उभा होता, त्याने त्याला पट्ट्याला धरून ओढलं. जीपमध्ये मागच्या बाजूला आडवा घातला तेव्हा हिरामणची नजर वर गेली. पंखा फिरत होता. एक खण फुटला होता, दुसऱ्यांनी भार उचलला होता, आणि ती तीन पाती जणू काही झालंच नाही अशी गरगरत होती. वणीच्या रस्त्याला जीप लागेपर्यंत ती त्याला दिसत राहिली.

पुढे कंपनीने दवाखान्याचं केलं, तेवढं नाकारता येत नाही. पण चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं की पाचर लावायला तुम्हाला सांगितलं कोणी, नियमात तर असं काही नाही. सुपरवायझरने हात वर केले. आणि यंत्र थांबलंच नव्हतं, त्यामुळे अपघाताची वेळसुद्धा कुठे उमटली नव्हती. अंबडच्या ऑफिसातल्या पडद्यावर तो दिवस इतर दिवसांसारखाच सरळ रेषेत गेला होता. हिरामणला पठाराच्या फाटकावर राखणदार म्हणून बसवलं आणि उपकार मानायला सांगितलं. कपाट उघडायचं काम वाळूकडे आलं. आणि पाचर वाळूच्या जुडग्यात गेली.

सभागृहात आता साहेब बोलायला उभे राहिले होते. कसलंसं मानचिन्ह मिळालं होतं 'अखंड'ला, त्याचाच हा सोहळा होता. साहेबांनी घरातल्या नंदादीपाची गोष्ट सांगितली, आईने तो कसा कधी विझू दिला नाही ते सांगितलं. मग म्हणाले, "मित्रहो, आत्ता आपण ज्यांचा सत्कार केला ते हिरामण. गेल्या वर्षी त्यांना दुर्दैवाने दुखापत झाली. पण तुम्हाला अभिमान वाटेल, त्या क्षणीसुद्धा आपलं यंत्र थांबलं नाही. एक सेकंदही नाही."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तर वळून हिरामणकडे बघत टाळ्या वाजवल्या. हिरामण शाल पांघरून, नारळ मांडीवर घेऊन बसला होता. आपण उठावं आणि हा नारळ साहेबांच्या मागच्या पडद्यावर फेकून मारावा असं त्याच्या मनात आलं. पण तो उठला नाही. आपण का उठलो नाही, याचाही त्याला नंतर परतीच्या बसमध्ये राग येत राहिला.

जेवणाच्या वेळी गौरांग साहेब ताट घेऊन त्याच्याजवळ आले. तिशीतला, चष्मेवाला, मनाने वाईट नसलेला माणूस. 'अखंड'चं कपाट त्यांच्या डोक्यातून निघालं होतं. हिरामण दवाखान्यात होता तेव्हा ते दोनदा मोसंबी घेऊन आले होते आणि दोन्ही वेळा जमिनीकडे बघत बसले होते.

"हिरामणभाऊ, तुम्हाला बोलायला मिळालं नाही. वेळ कमी पडला."

"पडनारच."

"मला वाईट वाटतंय हो. दाराला स्विच मीच लावला होता. माणसाला इजा होऊ नये म्हणूनच लावला होता. तुम्हाला माहितीये ते."

हिरामण डाव्या हाताने पुरी तोडायचा प्रयत्न करत होता. ती तुटेना. त्याने ती तशीच ताटात ठेवली.

"स्विच तुमीच लावला, मला ठावं हाय," तो म्हणाला. "अन् पाचरीचं माप कोनी दिलं?"

गौरांग साहेबांनी वर पाहिलं.

"मी लय पाचरी बसवल्या साहेब. बैलगाडीला, कुदळीला, दाराला. पयल्या फटक्यात बसती अशी एक बी नसती, तासावी लागती. ही लाल पाचर पयल्यांदा लावली तवाच खटकन बसली. इकडं नाय, तिकडं नाय. ते माप सुताराचं नाय, नकाशातलं हाय. स्विचचा नकाशा कोनाकडं व्हता?"

गौरांग साहेबांच्या ताटातलं श्रीखंड एका बाजूला सरकत चाललं होतं. शेजारी कोणीतरी मठ्ठ्याची चौकशी करत होतं.

"वरून सांगितलं होतं मला," ते अगदी हळू म्हणाले. "पुढच्या मॉडेलमध्ये मी असं करणारे की पाचर बसूच शकणार नाही. खरंच."

"पुढच्या मॉडेलात," हिरामण म्हणाला. "वाळू तर याच मॉडेलात हात घालून ऱ्हायलाय."

तो ताट तसंच ठेवून निघाला. शाल घडी करून पिशवीत घातली, नारळ तिच्यावर ठेवला आणि सीबीएसच्या बसस्थानकावर येऊन कळवणची गाडी धरली. दिंडोरी गेली, वणी गेली. खिडकीशेजारचा माणूस पिशवीतला नारळ बघून म्हणाला, "वणीच्या देवीचा का?" हिरामणने पिशवी जवळ ओढली. हो म्हणवेना आणि खरं सांगवेना.

घरी भागीबाई नागलीच्या भाकरी थापत होती. तिने त्याच्या शर्टाची बटणं काढून दिली, जशी ती आता वर्षभर काढत होती, आणि मग विचारलं, "बोलले का तुमी?"

"नाय बोलू दिलं."

"मंग काय झालं तिथं येवढा वेळ?"

सांगू नये असंच त्याने ठरवलं होतं. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा त्याने साहेबांचं भाषण सांगितलं. आपला हात जळाला तरी यंत्र थांबलं नाही असं साहेब म्हणाले, हे सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हेही सांगितलं.

तव्यावरची भाकरी करपली. भागीबाईला ती उलटायचं भान राहिलं नाही.

"टाळ्या कशाला वाजवल्या?" तिने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरोखर कळत नव्हतं. मग तिने पिशवी उघडली, नारळ काढला आणि दाराबाहेर ओट्यावर नेऊन ठेवला.

"ह्यो नारळ मी देवापुढं ठेवनार नाय. पोरांना बी खोबरं देनार नाय त्याचं. सकाळी घिऊन जा तिकडं, त्या पंख्यापुढंच फोडा."

सकाळी पठारावर वारा असा होता की फाटकाचं पत्र्याचं शेड थरथरत होतं. खालच्या उतारावर बाया चिखलात वाकून भात लावत होत्या, त्यांत भागीबाईही होती. वर पंख्यांचा हूं हूं आवाज चालला होता. वर्षानुवर्षं तो ऐकून आता कोणाला तो ऐकू येत नसे. हिरामण शाल आणि नारळाची पिशवी घेऊन बसला होता. शाल भागीबाईनेच परत पिशवीत कोंबली होती.

वाळू मोटारसायकलवरून आला. मागे नवा खण बांधलेला. वाळू कायम शीळ घालत येणारा माणूस, पण या कामाच्या दिवशी तो शीळ घालत नसे. तो थांबला नाही, नुसता हात हलवून चार नंबरच्या मनोऱ्याकडे गेला. हिरामण पिशवी घेऊन उठला आणि पायी त्याच्या मागे गेला.

तो पोचला तेव्हा मनोऱ्याचं दार उघडं होतं. आत कपाटावर पिवळा दिवा जळत होता. वाळूने हातमोजे घातले होते आणि जुडग्यातून लाल पाचर सोडवत होता.

"बंद कर आधी," हिरामण म्हणाला.

"दादा, कालच फोन आला. सरळ सांगितलंय, बक्षीस मिळालंय म्हनून आता तर अजिबात थांबवायचं नाय. वारा लय चांगला हाय म्हनले."

"वाऱ्याला काय झालंय. वारा उद्या बी येईल."

"मला नाय का समजत?" वाळूचा आवाज एकदम चढला. "रात्री झोप नाय लागत मला. बायको इचारते काय झालं, काय सांगू? मी नाय केलं तर तिसरा कोनीतरी आनतील, तो करील. मंग मी काय करू, फाटकावर दोन राखनदार बसवतील का?"

वाळू म्हणत होता ते खरंच होतं. काल टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्या लोकांनी मिळून या एका माणसाला इथे आणून उभं केलं होतं, आणि त्यांच्यातल्या कोणालाही त्याचं नाव माहीत नव्हतं. हिरामणला पुन्हा तोच जाळ आतून चढत आला. पण या वेळी तो बसून राहिला नाही.

कपाटाच्या शेजारी भिंतीवर भूछत्रासारखं मोठं लाल बटण होतं. पंखा हाताने थांबवायचा तो तिथून. वर्षभर हिरामणला उजव्या हाताने काही म्हणता काही धरता येत नव्हतं. घास नाही, शर्टाचं बटण नाही, काल नारळही नाही. पण ते लाल बटण दाबायला बोटं लागत नाहीत. त्याने उजव्या हाताचा तळवा त्याच्यावर ठेवला आणि सगळा भार टाकला.

आतली घरघर उतरत गेली. वर कुठेतरी ब्रेकचा लांब कण्हल्यासारखा आवाज आला. बराच वेळ पाती आपल्या वजनाने फिरत राहिली, आणि मग थांबली.

वाळूच्या खिशातला मोबाईल लगेच वाजला. अंबडला पडद्यावर दिसलं होतं. वाळूने नंबर बघितला आणि फोन हिरामणच्या डाव्या हातात दिला.

"चार नंबर थांबला," पलीकडून गौरांग साहेब बोलत होते. "काय फॉल्ट आलाय?"

"फॉल्ट नाय. मी थांबवला."

"हिरामणभाऊ? तुम्ही तिथे काय करताय? अहो, काल मानचिन्ह मिळालंय, इथे साहेब माझ्या मागे उभे आहेत. चालू करा ताबडतोब."

"मानूस आत जातोय साहेब. तो भाईर आला का चालू करू."

मागे दुसरा आवाज चढलेला ऐकू आला. कोण आहे तो, नाव काय त्याचं, असं काहीतरी. काल ज्याच्या खांद्यावर शाल घातली त्याचं नाव साहेब विचारत होते. गौरांग साहेबांनी नाव सांगितलं. मग परत फोन कानाला लावून ते म्हणाले, "साहेब म्हणतात, उद्यापासून फाटकावर येऊ नका."

"बरं," हिरामण म्हणाला.

फोन बंद झाला नाही. मग गौरांग साहेब घाईघाईने, पुटपुटल्यासारखं बोलले, "दार लगेच उघडू देऊ नका त्याला. आतली वीज पूर्ण निवू द्या," आणि फोन ठेवला.

हिरामणने वाळूला मनोऱ्याबाहेर आणलं. दारापुढे लोखंडी पायऱ्या होत्या. त्याने पिशवीतली शाल काढली, वरच्या पायरीवर अंथरली आणि दार अडवून बसला. आतली वीज निवेपर्यंत कोणाला आत जाऊ द्यायचं नव्हतं त्याला, वाळूलाही नाही. वाळू खालच्या पायरीवर बसला.

एका पंख्याचा आवाज कमी झाला होता. खालच्या खाचरात एक बाई उभी राहिली, मग दुसरी. कमरेवर हात ठेवून त्या वर बघत होत्या. भर वाऱ्यात थांबलेला पंखा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. भागीबाईही उभी होती. तिने हात वर केला नाही की हाक मारली नाही, पण बाकीच्या बाया पुन्हा वाकल्या तरी ती तशीच बघत राहिली.

बऱ्याच वेळाने हिरामण बाजूला सरकला. वाळू आत गेला. दार उघडल्याचा आवाज आला, खण ओढल्याचा आला, नवा सरकवल्याचा आला. त्यानंतर काहीच झालं नाही. हिरामण त्या काहीच न होण्याकडे कान लावून बसला होता. गेल्या वर्षी एवढंच व्हायला हवं होतं. तेवढ्यासाठी वारा थोडा वेळ फुकट गेला असता, दुसरं काही गेलं नसतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाचंच होतं.

वाळू हातमोजे काढत बाहेर आला. "झालं दादा. दिवा गेला. आता चालू करू?"

"थांब. मशीन सुरू करताना नारळ फोडत्यात."

हिरामणने डाव्या हाताने पिशवीतला नारळ काढला आणि पुढे केला. वाळूने एक हात पुढे केला.

"दोन्ही हातांनी घे," हिरामण म्हणाला.

वाळूने दुसऱ्या मुठीतली लाल पाचर पायरीवर ठेवली, पँटला तळवे पुसले आणि दोन्ही हात पुढे केले.